डावा हात वर करा

बीडीएसचं दुसरं वर्ष. दिल्ली गेटजवळ, बहादूरशाह जफर मार्गावरच्या मौलाना आझाद दंतविज्ञान संस्थेत तू फँटम हेडसमोर बसली आहेस. रबरी गाल, धातूचा जबडा, त्यात स्क्रूने बसवलेले दात. ऑल इंडिया कोट्यातून नागपूर सोडून आलीस ती ह्यासाठी.

वरच्या दाढेत क्लास टू कॅव्हिटी करायची आहे. दाढ सरळ दिसत नाही. डाव्या हातातल्या आरशात बघत उजवा हात चालवायचा, आणि आरशात पुढचं मागे होतं. एअरोटरचा, म्हणजे ड्रिलचा, बर मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेतोय. अनामिका दातांवर टेकलेली हवी, नाहीतर हात भरकटतो. खोली दीड ते दोन मिलिमीटर. तेवढ्यात शेजारच्या दाढेवर चरा उमटतो. मॅम वाकून बघतात. "दात बदल. पुन्हा कर."

डोकं ओरडलं नाही. त्याला तिथे ठेवलंय ते एवढ्यासाठीच.

आता मागे चल. 2003 मध्ये ही संस्था स्वतंत्र झाली. 1983 मध्ये ती मौलाना आझाद मेडिकल कॉलेजची नुसती दंतशाखा होती. आणखी मागे गेलीस की कॉलेजच नाहीसं होतं, त्या जागी जुन्या तुरुंगाच्या भिंती उभ्या राहतात. 1946. तू जामा मशिदीजवळच्या फुटपाथवर आहेस. चादरीवर कवळ्या, चिमटे, पावडरीच्या बाटल्या. तुझ्याच वयाचा एक मुलगा आजवर गिऱ्हाइकाचं डोकं धरायचा, आज बापाने त्याच्या हाती चिमटा दिलाय. त्याची पहिली दाढ जिवंत माणसाची आहे. गिऱ्हाईक हात वर करतं. बाप तो हात दाबून धरतो.

त्या मुलाला नावं ठेवू नकोस. कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांचं कॉलेज 1920 पासून आहे, मुंबईत नायरचं 1933 पासून. पण तिथवर त्याला कोण पोचवणार? दातांवर इलाज कोणी करायचा हे ठरवणारा कायदा यायलाही अजून दोन वर्षं आहेत.

आणखी मागे. 1894 च्या सुमारास ग्लासगोत ऑस्वाल्ड फर्गस तुझ्या फँटम हेडचा पूर्वज बनवतोय. तिथे थांबू नकोस, थेट सुश्रुताच्या काशीत ये. शिष्य कोहळा आणि दुधी कापताहेत. छेद घ्यायचा तो आधी फळावर. शीर टोचायची तर मेलेल्या जनावराची किंवा कमळाच्या देठाची. ओढून काढायची क्रिया फणसावर, तोंडल्यावर, बेलफळाच्या गरावर, आणि मेलेल्या जनावरांच्या दातांवर. पट्टी बांधायला माणसाचा पुतळा. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात हे सगळं नोंदलेलं आहे, आणि शास्त्र पाठ असूनही सराव न केलेला शिष्य कामाला अयोग्य, असंही तिथे बजावलंय. मला हा अध्याय फार थोर वाटतो. शिकणाऱ्याच्या चुकीची किंमत रोग्याने मोजू नये, ही माणुसकी इतक्या जुन्या काळी कोणीतरी अभ्यासक्रमात बसवली.

पण फळ हात वर करत नाही. रबरी डोकंही नाही.

म्हणून पुढे ये, तिसऱ्या वर्षात. सीलमपूरचे एक चाचा सकाळपासून ओपीडीच्या रांगेत होते, आता तुझ्या खुर्चीत आहेत. जीभ आरसा ढकलते, श्वासाने काच धूसर होते, लाळ साचते. यातलं काही फँटम हेडला नव्हतं. ठरवून दिलेल्या केसेस पुऱ्या करायची घाई सगळ्यांनाच असते. तरी क्लिनिकमध्ये शिकायची पहिली गोष्ट थांबणं हीच, असं माझं ठाम मत आहे. भूल देऊन झालीय. सुरू करण्याआधी तू सांगतेस, "दर्द हो तो बायाँ हाथ उठा दीजिएगा."

बर दाढेला लागतो. हात वर जातो.

तू पेडलवरचा पाय उचलतेस, बर तोंडाबाहेर घेतेस आणि विचारतेस, "कहाँ लगा, चाचा?"