डभोईचे वेळापत्रक : छोट्या रुळांवरील एक इतिहास

बडोद्याच्या मराठी माणसाला छोट्या आगगाडीचे अप्रूप नवे नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात राजघराण्यातील मुलांसाठी आमराईतून फिरणारी गाडी होती; कमाटीबागेतील छोट्या गाडीची फेरी तर आपल्यापैकी अनेकांच्या बालपणाचा भाग आहे. परंतु या गाड्या जेथून निघत तेथेच परत येत. समोरून दुसरी गाडी येईल, ही चिंता त्यांना नव्हती. खरी रेल्वे मात्र या एका चिंतेतूनच घडत गेली. एकाच रुळावर दोन दिशांनी येणाऱ्या गाड्या परस्परांना भिडू नयेत, म्हणून माणसांनी आपसांत जे नियम बांधून घेतले त्यांनाच रेल्वेचे परिचालन म्हणतात. इंजिन हा रेल्वेचा देह मानला, तर परिचालन हा तिचा प्राण होय.

हा प्राण आपल्या संस्थानात कसा आला, हे पाहण्यासारखे आहे. 1862 साली खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत मियागाम ते डभोई हा सुमारे 32 किलोमीटरचा, अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग तयार झाला. उद्देश कापूस मुख्य मार्गापर्यंत पोहोचवण्याचा होता. रूळ इतके हलके होते की त्यांना इंजिनाचा भार पेलेना, म्हणून आरंभीची काही वर्षे वाघिणी बहुधा बैलच ओढीत. रूळ बदलल्यावर 1873 साली इंजिनांच्या साहाय्याने नियमित वाहतूक सुरू झाली. 1879 मध्ये चांदोदपर्यंत रूळ गेले आणि नर्मदास्नानाला व श्राद्धकर्माला जाणाऱ्या यात्रेकरूंची सोय झाली. पुढे प्रतापनगर, मियागाम, चांदोद, सामलाया आणि छोटा उदेपूर अशा पाच दिशांना डभोईहून गाड्या सुटू लागल्या. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर 1949 मध्ये ही रेल्वे बी. बी. अँड सी. आय. कंपनीच्या मार्गांत आणि 1951 मध्ये पश्चिम रेल्वेत सामावली गेली.

पाच दिशांचे मार्ग एका स्थानकात येतात, म्हणजे नेमके काय होते? चांदोदच्या गाडीतील यात्रेकरूला प्रतापनगरची गाडी मिळायला हवी. तोवर ती थांबवली तर पुढच्या स्थानकावर तिची वाट पाहणारी मालगाडी खोळंबते. एकेरी मार्गावर दोन स्थानकांमध्ये एका वेळी एकच गाडी असावी, हा मूलमंत्र. स्टेशनमास्तराने पुढच्या स्थानकाकडे ‘लाइन क्लिअर’ मागायची. मार्ग मोकळा असेल तरच तिकडून होकार यायचा. जेथे टोकनयंत्रे असत तेथे होकारानंतरच टोकन बाहेर निघे, आणि ते बाहेर असेतो दोन्ही टोकांची यंत्रे बंद राहत. टोकन हाती आल्यावाचून ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. या साऱ्या व्यवहारात कोणी कोणास पाहत नसे. विश्वास नियमावर आणि नोंदवहीवर असे.

हा व्यवहार पुस्तक वाचून अंगवळणी पडत नाही, हे रेल्वेच्या चालकांनी फार पूर्वी ओळखले. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे 1912 साली लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेने सिग्नलच्या शिक्षणासाठी छोट्या गाड्यांचा एक मार्गच उभारला होता. तो आता यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. आपल्याकडेही उदयपूर आणि भुसावळ येथील रेल्वे प्रशिक्षण संस्थांत छोट्या प्रतिकृतींवर हेच शिक्षण दिले जाते. म्हणजे खऱ्या नियमांनी चालणारी छोटी गाडी ही केवळ छंदिष्टांची करमणूक नव्हे.

छंदिष्टांनी ही कल्पना निराळ्या अंगाने वाढवली. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी 1940 च्या दशकात आपल्या घरातील ‘डेल्टा लाइन्स’ या मार्गाविषयी लिहिताना रेल्वेची तुलना रंगभूमीशी केली : गाड्या ही पात्रे, वेळापत्रक हे कथानक. नाटकाच्या वेडाबद्दल प्रसिद्ध असलेल्या आपल्या समाजाला हे पटायला वेळ लागू नये. महाराष्ट्रात या क्षेत्रातील ठळक नाव पुण्याच्या भाऊसाहेब जोशी यांचे. त्यांचे लघुरेल्वे संग्रहालय 1998 साली खुले झाले. तेथील गाड्या स्वयंचलित यंत्रणेवर धावतात आणि आपण प्रेक्षक असतो. एलिसन यांच्या परंपरेत मात्र प्रेक्षकच नसतो. जमलेला प्रत्येक जण स्टेशनमास्तर, ड्रायव्हर किंवा नियंत्रक होतो.

आता डभोईचाच प्रयोग कल्पून पाहा. 1:87 या प्रचलित प्रमाणात अडीच फुटांचा मार्ग जवळजवळ नऊ मिलिमीटरचा होतो, आणि त्या रुंदीचे रूळ बाजारात तयार मिळतात. मियागामपर्यंतचे अंतर त्याच प्रमाणात घेतले तर मात्र तब्बल 368 मीटर भरेल! म्हणून अंतर आखडायचे आणि घड्याळ पळवायचे : खऱ्या दहा मिनिटांत घड्याळाचा एक तास. मग दोन तासांत डभोईचा बारा तासांचा दिवस उभा राहतो. पाच-सहा मंडळी पुरेत. एकाने डभोई सांभाळावी, दुसऱ्याने मियागाम, तिसऱ्याने चांदोद. उरलेल्यांनी गाड्या चालवाव्यात. प्रत्येक वाघिणीबरोबर ती कोठून कोठे जायची याची चिठ्ठी असावी. एक गाडी दहा मिनिटे उशिरा आली की सर्व वेळापत्रक कसे विस्कटते आणि ते सावरताना कोणाला किती वाट पाहावी लागते, हे त्या दोन तासांत जसे कळते तसे दहा ग्रंथांतून कळणार नाही.

हे आजच सांगण्याचे कारण आहे. डभोई आता ब्रॉडगेजचे स्थानक आहे. चांदोद-केवडियाचा नवा मार्ग 17 जानेवारी 2021 रोजी सुरू झाला. प्रवाशांच्या दृष्टीने ते इष्टच झाले. जुनी इंजिने चौथऱ्यांवर मांडली गेली आणि त्यांची छायाचित्रेही पुष्कळ आहेत. परंतु चौथऱ्यावरचे इंजिन काही ‘लाइन क्लिअर’ मागत नाही. ती व्यवस्था होती नोंदवह्यांत, कामकाजाच्या नियमपुस्तिकांत, वेळापत्रकांत, आणि ती राबवणाऱ्या माणसांच्या सवयींत. त्यांतील कागद वाळवीच्या स्वाधीन होतात. सवयी माणसांबरोबर जातात.

ज्यांच्या घरी कोणी या रेल्वेत नोकरीस होते, त्यांनी जुन्या ट्रंका एकदा उघडाव्यात. एखादे वेळापत्रक, गार्डची वही किंवा वडीलधाऱ्यांनी सांगितलेली ‘आम्ही अमुक गाडी अमुक ठिकाणी थांबवत असू’ एवढी आठवणसुद्धा मोलाची आहे. ती लिहून काढावी, त्यावर सालाचा उल्लेख करावा. रूळ, डबे आणि इंजिने पुढे कोणीही विकत आणील. वेळापत्रक मात्र आपल्यालाच द्यावे लागेल.