कुत्र्याच्या बिस्किटाची कुळकथा

डिसेंबर लागला की इथल्या घराघरांतून ओव्हनला उसंत नसते. शेजारणी कुकीजचे डबे आणून देतात, आपणही चकल्या-शंकरपाळ्यांनी त्यांची परतफेड करतो. गेली काही वर्षे आपल्याही घरांत मुलांनी एक नवीन टूम काढली आहे. पत्र्याचा, हाडाच्या आकाराचा साचा आणायचा आणि घरच्या कुत्र्यासाठी ख्रिसमसची बिस्किटे भाजायची! देशातून आलेल्या आज्या हे पाहून कपाळावर हात मारतात. "माणसांना ताजं खायला मिळत नाही आणि कुत्र्यासाठी भट्टी लावता?" असा त्यांचा रोकडा सवाल असतो.

पण इतिहास पाहू गेले तर ही टूम अमेरिकन नाही आणि नवीनही नाही. नवे आहे ते दुकानातले बिस्किट. घरच्या पिठातले थोडे कुत्र्यासाठी काढून ठेवण्याची चाल दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांतही सापडते. इ. स. पूर्व पहिल्या शतकात व्हॅरो या रोमन ग्रंथकाराने शेतीवर पुस्तक लिहिले. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांना जवाची भाकरी द्यावी, तीही दुधात कुस्करून, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. आपल्याकडे दूधभाकरी कुस्करून घालतात, त्याहून हे काय वेगळे?

यात निव्वळ काटकसर नव्हती. लांडगा मांसावर जगतो, कुत्रा मात्र माणसाच्या दारात राहून धान्य पचवायला शिकला. २०१३ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दोघांची जनुके ताडून पाहिली. पिष्ट पचवणारे पाचकद्रव्य तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. म्हणजे आपल्या चुलीवरच्या भाकरीने त्याचे पोट घडवले, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या परंपरेत तर कुत्र्याचा घास हा हिशेबातलाच असतो. श्राद्धाच्या पानातून गाय आणि कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही वाटा निघतो. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत, खंडोबाजवळ एक आहे. नामदेवांची पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. (आपल्या आया मात्र लाटणे घेऊन धावत, हा भाग अलाहिदा.) नेपाळात याचा खरा सणच असतो. आपल्या नरकचतुर्दशीच्या सुमारास तिथे 'कुकुर तिहार' येतो. त्या दिवशी कुत्र्याला टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि गोडधोड खाऊ घालतात. रस्त्यावरचे कुत्रेही त्यातून सुटत नाही.

मग हा घास विकत कधीपासून मिळू लागला? त्याचे श्रेय जाते जेम्स स्प्रॅट या अमेरिकन गृहस्थाकडे. मूळचा ओहायोचा हा माणूस विजेपासून इमारती वाचवणाऱ्या तारा विकायला इंग्लंडात गेला होता. गोष्ट अशी सांगतात, की गोदीवरच्या खलाशांनी फेकलेली टणक जहाजी बिस्किटे भटकी कुत्री कराकरा खाताना त्याने पाहिली आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. १८६० च्या सुमारास त्याने गहू, भाज्या, बीट आणि वाळवलेले मांस यांचे 'डॉग केक' बाजारात आणले. गिऱ्हाईक कोण, तर शिकारी कुत्री पाळणारे जमीनदार! त्याच्या कंपनीत नोकरीला लागलेला एक तरुण विक्रीत भलताच तरबेज निघाला. त्याचे नाव चार्ल्स क्रफ्ट. १८९१ साली लंडनमध्ये त्याच्या नावाचे कुत्र्यांचे प्रदर्शन सुरू झाले, ते आजही भरते. बिस्किटाच्या धंद्यातून प्रदर्शन जन्माला आले, हे प्रदर्शनाला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

इकडे अमेरिकेत १९०८ साली न्यूयॉर्कच्या बेनेट यांच्या कारखान्यात हाडाच्या आकाराचे बिस्किट निघाले. तेच पुढे 'मिल्क-बोन' झाले आणि १९३१ मध्ये नॅबिस्कोने तो धंदा विकत घेतला. आज मुलांच्या हातातल्या साच्याचा आकार आला तो इथून.

पुढे या धंद्याने एक मोठी चलाखी केली. ताटातले उरलेले कुत्र्याला घालणे म्हणजे त्याच्या प्रकृतीशी खेळ, असे गृहिणींच्या मनावर बिंबवले. पिढ्यानपिढ्या घरचे खाऊन कुत्री जगली होती, हे लोक विसरून गेले. माझ्या मते हा जाहिरातीचा विजय होता, शास्त्राचा फारच थोडा.

या विश्वासाला तडा गेला २००७ च्या मार्चमध्ये. चीनहून आलेल्या गव्हाच्या प्रथिनात मेलामाइन हे रसायन मिसळलेले निघाले. प्रथिने मोजताना नायट्रोजन मोजतात आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. म्हणजे आपल्या गवळ्याच्या पाण्याचाच हा भाऊबंद, फक्त जीवघेणा. कॅनडातल्या एकाच कंपनीला ६ कोटींहून अधिक डबे व पाकिटे परत मागवावी लागली. कुत्र्यामांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली, कित्येक दगावली. घरी भाजण्याकडे अनेक जण पुन्हा वळले, त्याला ही धास्तीही कारणीभूत होती.

मात्र घरचे म्हणजे निर्धोक, असे नव्हे. इथे आपल्या स्वयंपाकघरांनी जास्त सावध राहायला हवे. चॉकलेटमधले थिओब्रोमीन कुत्र्याला बाधते, हे मुलांनाही माहीत असते. पण बेसनाच्या लाडवावरचा बेदाणा? द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड बंद पडू शकते. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे अलीकडचे संशोधन सांगते, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्या यादीत चक्क चिंचही आहे! तेव्हा चिंचगुळाची आमटी कालवलेला भात कुत्र्यापुढे सरकवू नका. कांदा-लसूणही वर्ज्य. साखरेऐवजी वापरतात ते झायलिटॉल तर थोडेसेही घातक. शेंगदाण्याच्या काही बटरांत ते असते, म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरे वाचूनच घ्या.

ज्यांना या सुट्टीत करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी: दोन कप कणीक, अर्धा कप शिजवून कुस्करलेला लाल भोपळा, एक अंडे आणि दोन चमचे साधे शेंगदाण्याचे बटर. मीठ, साखर, गूळ काही नाही. लागेल तसे पाणी घालून घट्ट भिजवा, पाव इंच जाड लाटा, साच्याने कापा आणि ३५० अंशांवर अर्धा तास भाजा. ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या, म्हणजे कुरकुरीत होतात. मोठ्या कुत्र्याला दिवसाला दोन-तीन, लहानाला एखादे पुरे. डबा फ्रिजमध्ये ठेवा, आणि त्यावर नाव लिहायला विसरू नका, नाहीतर पाहुणे चहाबरोबर संपवतील.