तिसरं भोक

सॉकेटच्या तीन भोकांतलं वरचं भोक मोठं का, हे बहुतेकांना ठाऊक असतं: अर्थिंगचं. ते आपल्या भिंतीत आलं कुठून, हा प्रश्न मात्र सहसा कुणाला पडत नाही.

गोल पिनांचा हा प्लग मूळचा ब्रिटिश. बीएस ५४६ हे त्याचं मानक १९३४ सालचं. त्यात चार आकार होते. त्यातले ५ आणि १५ अँपिअरचे आपल्याकडे रुळले. आता ते ६ आणि १६ झालेत, पण दुकानात अजून 'पंधरा अँपिअर'च मागतात. अर्थिंगची पिन मुद्दाम लांब ठेवलेली. ती सगळ्यांत आधी जोडली जाते, सगळ्यांत शेवटी सुटते. गिझरच्या पत्र्यात करंट उतरलाच, तर तो तुमच्या अंगातून न जाता तारेनं जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा, एवढ्यासाठी.

ब्रिटननं मात्र हा प्लग सोडला. महायुद्धात घरं पडली होती, तांब्याची चणचण होती. नव्या वायरिंगचा विचार करायला १९४२ मध्ये २० जणांची समिती बसली. त्यात बाई एकच, कॅरोलिन हॅस्लेट. घरात लहान मूल असतं आणि ते भोकात काहीही खुपसतं, हे तिथं ठासून मांडलं ते त्यांनी. १९४७ मध्ये नवं मानक आलं: चौकोनी पिना, प्लगमध्येच फ्यूज, आणि खालच्या दोन भोकांवर झडप. लांब पिन वर शिरली की झडप उघडते.

त्याच वर्षी इंग्रज गेले, गोल प्लग इथंच राहिला. झडपा पुढे आपल्या सॉकेटांतही आल्या. आणि आपण काय करतो? दोन पिनांचा चार्जर जाईना म्हणून वरच्या भोकात पेन खुपसतो! चार्जरची चूक नाही. त्याच्यावर चौकोनात चौकोन छापलेला असतो. म्हणजे दुहेरी इन्सुलेशन, अर्थिंगची गरज नाही. पण झडप कशी उघडायची, हे शेजारी बसलेलं पोर बघत असतं.

याहून वाईट गोष्ट दिसतच नाही. जुन्या चाळींत लाकडी पट्टीवरून दोनच तारा गेलेल्या असत. पुढे बोर्ड बदलला, तीन भोकांचं सॉकेट बसलं. तिसरी तार ओढायची राहून गेली. फ्रिजचा प्लग तरीही झकास बसतो. वायरमन फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प धरतो (हे काम त्याचंच, तुमचं नव्हे). अर्थिंग चांगलं असेल तर बल्ब पूर्ण उजळतो, किंवा आरसीसीबी असेल तर तो लगेच पडतो. दोन्ही झालं नाही, तर त्या भोकामागे नुसती भिंत आहे.