काळी, पांढरी आणि किल्लारी

आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब लातूर-नांदेडकडे चार-पाच एकर जमीन घेऊन तेथेच घर बांधून राहण्याचा विचार करीत आहे. "फादर, तो मुलूख राहायला कसा?" असे त्यांनी मला विचारले. प्रश्न फार जुना आहे. मोशेने कनान देशात हेर धाडले, तेव्हा जमीन कसदार की निकस, झाडे आहेत की नाहीत, लोक कसे आहेत, हेच पाहून यावयास त्याने सांगितले होते.

मराठवाड्यातील जुन्या गावकऱ्यांनी याच प्रश्नांची उत्तरे आपल्या भाषेत देऊन ठेवली आहेत. गावाचे त्यांनी दोन भाग मानले : पिकाची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी'. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते; तिच्यावर भिंत तग धरीत नाही, आणि धरली तरी तेवढे पीक बुडते. म्हणून उंचवट्यावरची जागा पाहावयाची, ओढा जवळ पण पूर खाली राहील अशी, आणि गुरे हाकून नेता येतील इतक्या अंतरावर शेत. घरे एकमेकांना चिकटून, कारण वस्तीने फार जमीन खाऊ नये. दगडमातीच्या रुंद भिंती, आत लाकडी खांब-तुळया, वर मातीचे जाड माळवद. वैशाखात अशा घरासारखा गारवा कोठेही नाही.

या पाहणीतून एकच गोष्ट सुटली, आणि ती डोळ्यांना दिसण्यासारखीच नव्हती. शासकीय नकाशातही हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा दाखविला होता. १९९२ साली किल्लारी परिसराला धक्के बसले, तरीही पुढचे कोणाच्या ध्यानात आले नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. गणेशविसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. सुमारे आठ हजार माणसे गेली. धक्क्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. तेवढ्या धक्क्याने सर्वत्र इतके मृत्यू होत नाहीत. येथे गारवा देणारे तेच माळवद आणि त्याच भिंती अंगावर आल्या. मी तेव्हा सेमिनरीत होतो. वर्तमानपत्रातील ती छायाचित्रे आजही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

त्यानंतर मराठवाड्याने गावाची जागा पारखण्याचे काम इतक्या मोठ्या प्रमाणावर बहुधा प्रथमच केले. जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. आता पहिला प्रश्न होता पायाचा. तो योग्यच होता. ज्यांनी ढिगाऱ्यातून आपली मुले काढली, त्यांना दुसरा कोणता प्रश्न सुचणार? परंतु पायाबरोबर आराखडाही आला, आणि तो शहरातून आला. रुंद सरळ रस्ते, ओळीने सुटी घरे. जमीनधारणेप्रमाणे अडीचशेपासून साडेसातशे चौरस फुटांपर्यंतचे बांधकाम. नवे गाव जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरले, आणि ती जागा बव्हंशी काळीतूनच घ्यावी लागली. पांढरीने काळी खाऊ नये, हा पूर्वजांचा पहिला नियम येथे मोडला.

काही वर्षांनी अशाच एका गावात गेलो होतो. एका आजीबाईंनी पक्के घर कौतुकाने दाखविले. घर चांगलेच होते. मग गोठा कोठे, असे विचारताच त्यांनी मागल्या बाजूला स्वतः उभारलेल्या पत्र्याच्या छपराकडे बोट केले. शेत पूर्वी हाकेच्या अंतरावर होते, आता ते लांब पडले, असेही म्हणाल्या. पण तक्रार म्हणून नव्हे. रात्री त्या छताखाली झोप लागते, ही त्यांच्या लेखी मोठी गोष्ट होती. जुन्या गावात वेड्या बाभळी माजल्या आहेत.

पाया भक्कम झाला, पण पाण्याचा प्रश्न उरलाच. लातूरकडे सरासरी पाऊस साडेसातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे आकडा वाईट नाही, भरवसा वाईट आहे. मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा लातूर शहरात पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होते. त्याच जिल्ह्यात ऊस पिकत होता आणि साखर कारखानेही होते, हे मला आजही नीट पचत नाही. नांदेडची गोष्ट थोडी निराळी. तेथे गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे, किनवट-माहूरकडे पाऊसही अधिक. मात्र नदीकाठ सोडला की तेथेही विहिरीचा तळ दिसावयास उशीर लागत नाही.

त्या कुटुंबाला मी एवढेच सांगितले की जमीन श्रावणात पाहू नका. श्रावणात सारा मराठवाडा हिरवाच दिसतो. वैशाखात जा, शेजाऱ्याच्या विहिरीत डोकावा, आणि मागल्या दुष्काळात तो कोठून पाणी आणीत होता ते त्यालाच विचारा. घर बांधताना भिंतीत पट्टे घालणारा गवंडी शोधा. ते मे महिन्यात औशाकडे जाणार आहेत. मलाही बरोबर चला म्हणतात.