अ जीवनसत्त्व : पूरक मात्रा

आहारातून पुरेसे अ जीवनसत्त्व न मिळणाऱ्यांना, विशेषतः पाच वर्षांखालील बालकांना, औषधरूपाने दिलेले रेटिनॉल. हे जीवनसत्त्व मेदविद्राव्य असून यकृतात साठते. त्यामुळे एक मोठी मात्रा बालकाला काही महिने पुरते. मात्र जादा झालेले जीवनसत्त्व लघवीवाटे चटकन निघूनही जात नाही. पूरक मात्रेचा उपयोग आणि धोका ही दोन्ही या साठवणीचीच फळे आहेत.

कार्य व अभाव : दृष्टिपटलातील ऱ्होडॉप्सिन हे मंद प्रकाशात पाहण्यास लागणारे रंगद्रव्य तयार होण्यासाठी, तसेच डोळे, श्वसनमार्ग व आतडी यांची अस्तरे निरोगी राहण्यासाठी अ जीवनसत्त्व लागते. अभावाचे पहिले लक्षण बहुधा रातांधळेपणा असते. पुढे डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो, त्यावर फेसासारखे बिटॉटचे डाग दिसतात आणि अखेरीस बुबुळावरचा पारदर्शक पडदा मऊ पडून विरघळतो. त्यातून येणारे अंधत्व कायमचे असते. गोवर आणि दीर्घकाळचे जुलाब यांत शरीरातील साठा झपाट्याने घटतो.

राष्ट्रीय कार्यक्रम : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधनाच्या आधारे भारत सरकारने १९७० मध्ये पोषणजन्य अंधत्व प्रतिबंधाचा कार्यक्रम सुरू केला. सध्याच्या वेळापत्रकानुसार पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला लसीबरोबर दिली जाते. ती १ लाख आंतरराष्ट्रीय एककांची असते. दुसरी १६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान आणि त्यानंतर पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी प्रत्येकी २ लाख एकके दिली जातात. अशा एकूण नऊ मात्रांतून १७ लाख एकके होतात. सरकारी द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १ लाख एकके असल्याने २ मिलिलिटरचा चमचा पहिल्या वेळी अर्धा व नंतर पूर्ण भरतात. २ लाख एकके म्हणजे ६० मिलिग्रॅम रेटिनॉल. एक ते तीन वर्षांच्या बालकाच्या रोजच्या गरजेच्या हे सुमारे दीडशे पट आहे.

उपचार : गोवर झालेल्या बालकास लागोपाठ दोन दिवस वयानुसार मात्रा देतात (सहा महिन्यांखाली ५० हजार, ६ ते ११ महिने १ लाख, त्यापुढे २ लाख एकके). डोळ्यांत अभावाची लक्षणे असल्यास काही आठवड्यांनी आणखी एक मात्रा देतात. पित्त अडणे, आतड्यांचे शोषणविकार व लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया यांनंतर वैद्यकीय देखरेखीखाली पूरक मात्रा लागू शकते. चष्म्याचा नंबर या मात्रेने उतरत नाही.

परिणामकारकतेचा वाद : इंडोनेशियातील आचे प्रांतातील चाचणीत (१९८६) बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे आढळले. तमिळनाडूत (१९९०) दर आठवड्याला अल्प मात्रा दिल्यावर घट निम्म्याहून अधिक होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या हैदराबाद परिसरातील चाचणीत मात्र लाभ दिसला नाही. उत्तर प्रदेशात सुमारे १० लाख बालकांवर झालेल्या ‘देवता’ चाचणीत (प्रसिद्धी २०१३) घट अवघी ४ टक्के आणि संख्याशास्त्रीयदृष्ट्या अनिश्चित होती. गंभीर अभाव विरळ झाल्याने सर्व बालकांऐवजी गरजू भागांतच मात्रा द्यावी, असे मत काही भारतीय पोषणतज्ज्ञ मांडतात.

सुरक्षितता : योग्य मात्रेनंतरही काही बालकांना उलटी किंवा डोकेदुखी होते, तान्ह्यांची टाळू फुगते, हा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप शमतो. जादा मात्रा दीर्घकाळ घेतल्यास केस गळणे, त्वचा कोरडी पडणे, हाडे दुखणे व यकृताची हानी संभवते. प्रौढांसाठी रेटिनॉलची रोजची कमाल मर्यादा १० हजार एकके आहे. गर्भारपणात, विशेषतः पहिल्या तिमाहीत, मोठी मात्रा गर्भात व्यंग निर्माण करू शकते. म्हणून बालकांची बाटली गरोदर स्त्रीने कधीही वापरू नये. मुरुमांवरील आयसोट्रेटिनोइन किंवा टेट्रासायक्लिन चालू असताना अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या टाळाव्यात. भाज्यांतील बीटा-कॅरोटीनपासून शरीर गरजेपुरतेच अ जीवनसत्त्व बनवते, त्यामुळे भाज्यांनी विषबाधा होत नाही. पण बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे फिनलंडमधील चाचणीत (१९९४) दिसले. आसाममध्ये नोव्हेंबर २००१ च्या मोहिमेत २ मिलिलिटरच्या चमच्याऐवजी ५ मिलिलिटरचे कप वापरले गेले. त्यानंतर झालेल्या बालमृत्यूंशी मात्रेचा संबंध किती, हे वादग्रस्त राहिले. मापाचे महत्त्व मात्र ठळक झाले.

सोलापूरच्या संदर्भात : अवर्षणप्रवण सोलापूर जिल्ह्याचे मुख्य अन्न ज्वारी, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. ज्वारीत कॅरोटीन अल्प असते. शेवग्याचा पाला, तांदुळजा, मेथी, लाल भोपळा, पपई, दूध व अंडी ही उणीव भरून काढतात. कॅरोटीन शोषले जाण्यास स्निग्धांश लागतो, म्हणून पालेभाजीत तेल किंवा शेंगदाण्याचे कूट घालणे उपयुक्त ठरते. मात्रा अंगणवाडीत, उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते आणि तिची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर होते. डोळ्यांची गंभीर लक्षणे असलेल्या बालकास विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्थापना १९६३) संलग्न छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे शहरातील प्रमुख सरकारी रुग्णालय आहे. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड टोळ्यांबरोबर फिरणाऱ्या मुलांचे कार्ड गावी राहिल्यास मात्रा चुकण्याची किंवा सहा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा दिली जाण्याची शक्यता असते. यासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाने कार्ड सोबत ठेवावे आणि मात्रा देणाऱ्याने मागील तारीख पाहूनच चमचा भरावा.