एसटीची प्रवासीसंख्या (देवरूख परिसर)

देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण. एसटीचे आगारही येथेच आहे. कोकण रेल्वेचे संगमेश्वर रोड स्थानक गावापासून बरेच लांब असल्याने रेल्वेच्या प्रवाशालाही पुढे रस्त्याचाच आधार लागतो.

प्रवासीसंख्येवर सर्वांत मोठा परिणाम वेळापत्रकाचा होतो. कोकणातल्या वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या. एका फेरीला प्रवासी थोडे मिळतात, म्हणून फेऱ्या कमी ठेवल्या जातात आणि फेऱ्या कमी म्हणून लोक वडाप (खासगी प्रवासी वाहन) किंवा दुचाकीकडे वळतात. गाडी जुनी असली तरी चालते, पण ती वेळेवर येईल हा भरवसा गेला की प्रवासी सहसा परतत नाही. एसटी कर्मचाऱ्यांच्या 2021-22 च्या प्रदीर्घ संपात राज्यभर हेच दिसले.

भाड्याचा परिणाम लवकर जाणवतो. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, तर मार्च 2023 पासून महिलांना निम्मे तिकीट लागू झाल्यावर राज्यात गर्दी वाढली. शाळा-महाविद्यालयांचे पासधारक हा रोजचा, सुट्टीत मात्र आटणारा वर्ग. मकरसंक्रांतीच्या मार्लेश्वर यात्रेला, तसेच शिमगा आणि गणपतीत चाकरमान्यांमुळे जादा गाड्या सोडाव्या लागतात.