सय्यद हैदर रझा यांचे निसर्गचित्रण : वास्तवाकडून अमूर्ताकडे

प्रस्तावना :

आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात निसर्गचित्राला बहुधा दुय्यम स्थान दिले जाते. चित्रकार वास्तवदर्शी शैली सोडून अमूर्ताकडे वळला म्हणजे त्याने निसर्गाकडे पाठ फिरवली, असाही एक समज रूढ आहे. सय्यद हैदर रझा (१९२२-२०१६) यांच्या चित्रांचा कालक्रमाने अभ्यास केल्यास हा समज टिकत नाही. त्यांच्या शैलीतील स्थित्यंतरांचा आढावा घेऊन निसर्ग त्यांच्या चित्रांत कोणत्या रूपांनी टिकून राहिला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पाहिलेला निसर्ग :

रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातील बाबरिया या गावी झाला. वडील वनखात्यात नोकरीस असल्याने नर्मदेच्या परिसरातील घनदाट अरण्यात त्यांचे बालपण गेले. १९३९ ते १९४३ या काळात नागपूर येथे आणि त्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. या काळातील जलरंगांत मुंबईचे पावसाळी रस्ते, इमारती आणि वर्दळ दिसते. स्थळ ओळखता येते. परंतु रंगांचे फटकारे मोकळे असून तपशिलापेक्षा प्रकाश व वातावरण यांना अधिक महत्त्व आहे.

१९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे ते संस्थापक सदस्य होते. पंढरपूर येथे जन्मलेले मकबूल फिदा हुसेन आणि अमरावती जिल्ह्यातील हरी अंबादास गाडे हे त्यांचे या गटातील सहकारी. हुसेन यांचा ओढा मनुष्याकृतीकडे होता, तर गाडे हेही प्रामुख्याने निसर्गचित्रकार होते. यावरून या गटाच्या बंडखोरीत निसर्गचित्रालाही स्थान होते, हे स्पष्ट होते.

रचलेला निसर्ग :

१९४८ मध्ये रझा काश्मीरला गेले. युद्धाने उद्ध्वस्त झालेले बारामुल्ला त्यांनी चित्रित केले. तेथेच प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांच्या चित्रांत रचनेचा अभाव असल्याचे सांगून सेझानच्या अभ्यासाकडे त्यांचे लक्ष वेधले. फाळणीनंतर त्यांचे निकटचे आप्त पाकिस्तानात गेले. रझा मात्र भारतातच राहिले. पुढे १९५० मध्ये फ्रेंच शासनाच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले.

१९५१ च्या 'ओ द कान्य' या चित्रात घरे भौमितिक आकारांत बांधलेली असून माणसांचा मागमूस नाही. मुंबईच्या चित्रांतील वर्दळ येथे पूर्णतः थांबली आहे. त्यानंतर तैलरंगांचे जाड थर आले, गावांच्या सीमारेषा रंगांत विरघळू लागल्या. १९५६ मध्ये त्यांना फ्रान्समधील 'प्री द ला क्रितिक' हा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. १९६२ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे अध्यापनासाठी गेले असता तेथील अमूर्त चित्रकलेचा त्यांना जवळून परिचय झाला. पुढील काळात अॅक्रिलिक रंगांमुळे त्यांचा हात अधिक मोकळा झाला.

आठवलेला निसर्ग :

सत्तरच्या दशकात भारतभेटी वाढल्या. राजस्थानवरील चित्रांत स्थळाचे नाव आहे, दृश्य मात्र नाही; तापलेली भूमी केवळ लाल, पिवळ्या व काळ्या रंगांतून जाणवते. बालपणी शाळेतील शिक्षकांनी मन एकाग्र व्हावे म्हणून भिंतीवर काढून दिलेल्या बिंदूची आठवण रझा सांगत असत. तोच बिंदू १९८० च्या सुमारास त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला. 'माँ' (१९८१) या चित्रात काळ्या बिंदूसोबत देवनागरीत लिहिलेली हिंदी काव्यपंक्ती आहे. 'सौराष्ट्र' (१९८३) मध्ये चौकटींत विभागलेला प्रदेश आणि बिंदू एकत्र नांदतात. त्यामुळे बिंदूने निसर्गाला हद्दपार केले, असे म्हणता येत नाही. रझा यांच्या दृष्टीने बिंदू हे बीज होते; आणि बीजाला भूमी लागतेच.

उत्तरकाळात बिंदूची पुनरावृत्ती होऊन त्याचा साचा बनला, हा आक्षेप मात्र सर्वस्वी अनाठायी नाही. अनेक उत्तरकालीन चित्रांत भौमितिक शिस्त आहे, परंतु सत्तरच्या दशकातील धग ओसरलेली दिसते. भूमीची आठवण आणि आकाराची शिस्त यांत ताण असतो, तेव्हाच त्यांचे अमूर्त चित्र प्रभावी ठरते.

निष्कर्ष :

रझा यांचा प्रवास पाहिलेल्या, रचलेल्या आणि आठवलेल्या निसर्गाचा आहे. मायभूमी दुरावल्यावर तिचे बाह्य रूप गळून पडले आणि रंग, उष्णता व अंधार एवढाच तिचा अर्क उरला. मंगळवेढ्यासारख्या ज्वारीच्या कोठारात, जेथे काळ्या जमिनीत बी पेरले जाते, तेथील विद्यार्थ्याला काळ्या बिंदूचा हा अर्थ परका वाटण्याचे कारण नाही. अमूर्त चित्र ही केवळ महानगरी रसिकांची मिरास आहे, हा गैरसमज दूर करण्यास असा अभ्यास साहाय्यभूत ठरेल. २०१० च्या अखेरीस रझा भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार मंडला येथे, वडिलांच्या कबरीजवळ, त्यांचे दफन करण्यात आले.